मुलाची तारीख आणि गावाचे कान

पत्राचा गोषवारा : लिहिणाऱ्या ताई तालुक्याच्या गावी राहतात. घरी शिवणकाम करतात, यजमानांचं छोटं दुकान आहे. मुलगा 17 वर्षांचा, बारावीला. विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांत जुंपली आणि समोरच्या मंडळातल्या एका मुलाच्या डोक्यात काठी बसून त्याला टाके पडले. गुन्हा तिघांवर दाखल झाला. त्यातले दोघं 19 आणि 20 वर्षांचे, तिसरा ताईंचा मुलगा. 'त्याने काठी हातात घेतलीच नव्हती,' असं त्या लिहितात. बाल न्याय मंडळाने त्याला दुसऱ्या दिवशी जामिनावर घरी सोडलं. पण गावातल्या एका यूट्यूब चॅनेलने त्याचा चेहरा धूसर करून, वडिलांच्या दुकानाची पाटी मात्र स्पष्ट दाखवत बातमी चालवली. बाल न्याय मंडळाची चौकशी बंद खोलीत होते हे कळल्यापासून ताईंची झोप उडाली आहे. दिरांचं म्हणणं, चौकशी सगळ्यांसमोर घ्या असा अर्ज देऊ, तारखेला गावातली 50 माणसं नेऊ, आणि तोवर व्हॉट्सअॅप ग्रुपवर खुलासा टाकू. ताई विचारतात : बंद दाराआड आमच्यावर अन्याय झाला तर? चौकशी उघड झाली तर त्याचं नाव स्वच्छ होईल ना? त्याला पोलीस भरतीत उतरायचंय, हा डाग जन्मभर राहणार का? आणि अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून : गावी त्याची आजी असते, तिला अजून काही सांगितलेलं नाही. सांगावं का?

ताई,

पत्रासोबत तुम्ही एफआयआरचा फोटो पाठवला होता. मी तो उघडला आणि पाहून लगेच काढून टाकला. त्यात तुमच्या मुलाचं पूर्ण नाव होतं, वय, पत्ता, कॉलेज. दिरांनी लिहिलेला खुलासाही वाचला. त्यात त्याचा बक्षीस घेतानाचा फोटो लावलाय, 'मुलगा किती गुणी आहे ते लोकांना दिसू दे' म्हणून. वरच्या गोषवाऱ्यातले काही तपशील मी बदललेत, त्यामुळे तुमच्या शेजारणीने वाचलं तरी तिला तुम्ही आठवणार नाही. तुमच्यावर रागावून हे सांगत नाही. पण यूट्यूबवाल्याने जे अर्धवट केलं, ते पूर्ण करायची तयारी तुमच्याच ओसरीवर चालली आहे.

बाल न्याय अधिनियम, 2015 मधलं कलम 74 दिरांना एकदा वाचून दाखवा. वर्तमानपत्र, मासिक, टीव्ही 'किंवा संपर्काचं कोणतंही अन्य माध्यम' यातून मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून तो ओळखू येईल असं काहीही उघड करायचं नाही, फोटो छापायचा नाही. मोडलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1986 च्या कायद्यात हाच दंड 1,000 रुपये होता, 2006 च्या दुरुस्तीने 25,000 झाला. यातली 'ज्यावरून ओळखू येईल' ही शब्दयोजना महत्त्वाची. तुमच्या गावात दुकानाची पाटी दाखवणं म्हणजे नाव सांगणंच झालं, चेहरा किती का धूसर करा. आणि कलमात असं कुठे लिहिलेलं नाही की घरच्यांनी चांगल्या हेतूने नाव उघड केलं तर चालेल. ओळख उघड करायची परवानगी फक्त मंडळ देऊ शकतं, तीही मुलाच्या हिताची असेल तरच, आणि कारणं लेखी नोंदवून.

तेव्हा तो खुलासा टाकू नका. टाकला असेल तर आजच काढा.

आता बंद दाराबद्दल. तुम्ही लिहिता, 'आम्ही चोर नाही, मग लपवाछपवी कशाला?' मला वाटतं इथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. खोलीचं दार लावतात ते गावासाठी. तुमच्यासाठी ते उघडंच आहे. आईवडील म्हणून तुम्ही आत बसू शकता, तुमचा वकील आत असतो, मुलाला आणि तुम्हाला काय चाललंय ते समजावून सांगत राहणं मंडळावर बंधनकारक आहे. जखमी मुलाच्या बाजूलाही कागदपत्रं आणि आदेश पाहण्याचा हक्क कलम 99 ने दिलाय. म्हणजे ज्यांचा संबंध आहे त्यांच्यापासून काही लपत नाही.

मी काही वर्षं वकील म्हणून मंडळासमोर मुलांच्या बाजूने उभी राहत असे. तुम्ही अजून ती खोली नीट पाहिली नसेल, पहिल्या दिवशी कुणालाच काही दिसत नाही. न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य, त्यांतली निदान एक बाई, असं तिघांचं मंडळ. नियमच असा की त्यांनी उंच चौथऱ्यावर बसायचं नाही, मध्ये पिंजरा नको, कठडा नको, खोली कोर्टासारखी दिसायला नको. बहुतेक ठिकाणी एक मोठं टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात फायलींचं कपाट. पोलीस साध्या कपड्यांत. बाहेरच्या बाकावर आया डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. आणि नियमांत आणखी एक वाक्य आहे, जे मला या सगळ्या कायद्यात फार आवडतं : ज्यांच्यासमोर मुलाला मोकळं वाटतं, तीच माणसं खोलीत असावीत.

एकदा असं झालं. जागा आणि साल सांगत नाही. मुलाबरोबर त्याचे काका आले होते, तालेवार माणूस, प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर देत होते. मुलगा समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत बसला होता. सदस्य बाईंनी काकांना म्हटलं, 'तुम्ही जरा चहा घेऊन या.' दार लागलं. लेबल सोलणं थांबलं. मग मुलगा म्हणाला, 'काठी मीच आणली होती. पण मारली दुसऱ्याने. हे काकांना माहीत नाही.' पुढची सगळी केस त्या तीन वाक्यांवर उभी राहिली, आणि त्याचं भलंच झालं, कारण आणणं आणि मारणं यात कायद्याला फरक करता येतो, पण त्यासाठी खरं काय ते आधी कळावं लागतं.

म्हणून थोडं अवघड विचारते. 'त्याने काठी हातात घेतलीच नव्हती' हे तुम्हाला कुणी सांगितलं? पत्रात तीन ठिकाणी हे वाक्य आलंय आणि तिन्ही ठिकाणी पुढे 'असं भाऊजी म्हणतात' आहे. मुलगा स्वतः काय म्हणतो ते 7 पानांत कुठेही नाही. तो खोटं बोलतो असा माझा अंदाज मुळीच नाही. पण 50 माणसं बाहेर जयजयकाराला उभी असतील तर त्या माणसांना जे ऐकायचंय तेच तो आत बोलेल. ती माणसं त्याची बाजू घ्यायला आलेली असली तरीही. तेव्हा तारखेला तुम्ही दोघं जा, वकील असू द्या. भाऊजींना राग येईल. येऊ द्या.

चौकशी उघड झाली तर नाव स्वच्छ होईल, हा तुमचा दुसरा समज. निकाल लागतो त्या दिवशी ऐकायला गाव येत नाही हो. गाव येतं पहिल्या दिवशी, जेव्हा नुसता आरोप असतो. पोलिसांचा कागद वाचला जातो तेव्हा गर्दी, आणि सहा महिन्यांनी 'दोष सिद्ध झाला नाही' असं म्हटलं जातं तेव्हा खोलीत पंखा आणि शिपाई.

भाऊजींनी पुण्याच्या गाडीच्या केसचा दाखला दिलाय, 'तिथं लोकांचा दबाव आला म्हणून हललं' असा. तो दाखला मला टाळायचा नाही. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. 17 वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध. लोक संतापले, आणि ते समजण्यासारखं होतं. पण पुढे काय काय झालं ते आठवा. आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं, जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला तिथून सोडायला सांगितलं, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, मंडळाच्या दोन सदस्यांना सरकारने पदावरून काढलं. यातल्या एकाही गोष्टीसाठी मंडळाच्या खोलीचं दार उघडावं लागलं नाही. आदेश कागदावर होता, तो तपासता आला, त्याला आव्हान देता आलं.

तरी भाऊजींच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, हे मी कबूल करते. बाहेरचं कुणी पाहत नसलं की आळस वाढतो. सदस्य आले नाहीत म्हणून तारीख, अहवाल आला नाही म्हणून तारीख, असं मी पुष्कळ पाहिलंय. कायदा म्हणतो पहिल्यांदा हजर केल्यापासून 4 महिन्यांत चौकशी संपवा, मंडळ फार तर आणखी 2 महिने वाढवू शकतं. प्रलंबित प्रकरणांचा आढावा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी दर 3 महिन्यांनी घ्यायचा असतो. यावर तुमची नजर हवी. एक साधी वही करा. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, काय झालं, पुढची तारीख का पडली, दोन-दोन ओळी. आदेश विरुद्ध गेला तर 30 दिवसांच्या आत बाल न्यायालयात (ते मंडळाच्या वरचं कोर्ट) अपील होतं, तेव्हा ही वही वकिलाला सोन्यासारखी वाटेल. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, 15100 वर फोन करा. 'फुकटचा वकील काय कामाचा' असं कुणी म्हणेल. काही खरंच कामाचे नसतात. पण रोज त्याच मंडळासमोर उभा राहणारा पॅनेलवरचा वकील कधी कधी तालुक्याच्या नामांकित फौजदारी वकिलापेक्षा बरा पडतो, कारण नामांकित माणूस इथेही साक्षीदार फोडायच्या आवेशात येतो.

तुमच्या पत्रात न आलेली एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. त्या दोन मोठ्या मुलांचा खटला. कलम 23 प्रमाणे त्यांचं आणि तुमच्या मुलाचं प्रकरण एकत्र चालत नाही. त्यांचं नेहमीच्या कोर्टात चालेल, तिथे दार सताड उघडं, कुणीही मागे जाऊन बसावं. त्या दोषारोपपत्रात, जामिनाच्या आदेशात, साक्षीत तुमच्या मुलाचं नाव पदोपदी येणार. आदेश कोर्टाच्या संकेतस्थळावर चढतात. एफआयआरही 24 तासांत संकेतस्थळावर टाकावेत असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलंय, संवेदनशील गुन्हे सोडून. एरवी अल्पवयीन मुलावर किरकोळ प्रकरणात एफआयआरच नोंदवत नाहीत, स्टेशन डायरीत नोंद घेऊन सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल करतात. पण गुन्हा अतिगंभीर (किमान 7 वर्षांची शिक्षा असलेला) असला किंवा मोठ्यांच्या जोडीने झाला असेल तर एफआयआर होतो. तुमच्या घरी जो कागद आला तो त्यामुळे आला.

वकिलाला सांगून दोन अर्ज लगेच करा. एक पोलीस ठाण्याला, की ऑनलाइन प्रतीतून नाव झाका. दुसरा त्या मोठ्या मुलांच्या कोर्टात, की कागदोपत्री नावाऐवजी 'विधिसंघर्षग्रस्त बालक' किंवा नुसतं अक्षर वापरा. हे काही जगावेगळं मागणं नाही. जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खुद्द उच्च न्यायालयाच्या निकालातलं मुलाचं नाव काढायला लावलं होतं. उच्च न्यायालयाच्या हातून राहून जातं तिथे तालुक्याच्या कारकुनाच्या हातून राहणारच, त्याला आठवण करून द्यायला कुणी तरी हवं.

यूट्यूबवाल्याशी भांडायला जाऊ नका, तो भांडणाचाच दुसरा भाग करेल. आधी व्हिडिओची लिंक, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग मुलाचे पालक म्हणून यूट्यूबकडेच गोपनीयतेची तक्रार करा, आणि तीच प्रत जोडून मंडळाला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासकट. महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येतं. गावातल्या ग्रुपवर व्हिडिओ फिरत असेल तर अॅडमिनला कलम 74 चा एक शांत निरोप पुरतो, '2 लाख' हा शब्द त्यात असावा.

पोलीस भरती. इथे बातमी बरी आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदावरच्या कलमांना किमान 7 वर्षांची शिक्षा नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत हा गुन्हा 'गंभीर' असेल, पण 'अतिगंभीर' नाही, आणि त्याला मोठ्यांसारखं चालवायचा प्रश्नच येत नाही. अशा मुलावर दोष सिद्ध झाला तरी कलम 24 प्रमाणे त्या दोषामुळे कोणतीही अपात्रता येत नाही. मंडळाने निकालानंतर नोंदी नष्ट करायचा आदेश द्यायचा असतो. अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा 7 वर्षं, त्याहून जास्त त्या ठेवायच्या नाहीत असं केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत आहे. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी पोलिसांनी अशी नोंद उघड करायची नाही हे कलम 74 मध्येच आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने प्रकरण चालू असतानाही करायची नाही असं झालं.

कागदावर असं आहे. प्रत्यक्षात ठाण्यातला हवालदार संगणकावर नाव टाकतो, एफआयआर समोर येतो, तो 'गुन्हा दाखल आहे' असा शेरा मारून मोकळा होतो. त्याला कलम 24 माहीत असेलच असं नाही. म्हणून शेवटच्या तारखेला, निकाल काहीही लागो, वकिलाला उभं राहून एवढं मागायला सांगा : नोंदी नष्ट करण्याचा निर्देश आदेशात स्पष्ट लिहा. आदेशाच्या दोन प्रमाणित प्रती काढा, रेशनकार्डाच्या पिशवीत नको, वेगळ्या ठेवा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून निवड झालेल्या एकाला बालपणीच्या प्रकरणावरून अडवलं होतं. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2019 मध्ये निकाल त्या तरुणाच्या बाजूने लागला. बालपणीच्या गुन्ह्याचा शिक्का पुढे राहू नये हाच कायद्याचा रोख आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

राहिला भरतीच्या अर्जातला तो रकाना, 'तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?' सरसकट 'नाही' ठोकू नका. माहिती दडवली एवढ्याच कारणावरून नोकऱ्या गेल्याची मोठ्या माणसांची प्रकरणं आहेत, आणि कोर्टात ती भांडत बसण्यात ऐन उमेदीची वर्षं जातात. सगळी हकीकत ओतायचीही गरज नाही. त्या वेळी आदेशाची प्रत घेऊन वकिलाकडे जा आणि 'अल्पवयीन असतानाचं प्रकरण, कलम 24 प्रमाणे अपात्रता नाही' अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्याकडून नीट करून घ्या. 'साहेबांना सांगून फाइलच गायब करतो' म्हणणारा माणूस भेटेल. हटकून भेटतो. त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणखी एक. ज्याच्या डोक्याला टाके पडले तो मुलगाही, तुमच्या पत्रावरून, अकरावीतला दिसतो. कलम 74 त्याचंही नाव झाकतं. दिरांच्या खुलाशात त्याचं नाव, आडनाव, आळी, आणि 'आधीपासूनच टवाळ' असं लिहिलंय. त्याचीही आई असेल, आणि तीही कदाचित कुणाला तरी सात पानी पत्र लिहीत असेल.

पुढच्या तारखेला जाताना शाळेचा दाखला घ्या, वयासाठी तो आधी पाहतात, नसेल तर जन्माचा दाखला. परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरची परिस्थिती पाहून मंडळाला कळवणारे) घरी येतील, त्यांच्या अहवालासाठी घर आवरून ठेवायची गरज नाही, पण मुलाचं दिवसभराचं खरं वेळापत्रक सांगा. कॉलेज, दुकानात बसणं, व्यायामशाळा, जे असेल ते.

आणि आजी. तुम्ही मला विचारलंत, यजमानांना विचारलंत, भाऊजींना विचारलंत. हिशेब केला तर या प्रकरणाबद्दल तुमच्या घरातून 14 जणांना सांगितलं गेलंय, तुम्हीच पत्रात एकेकाचं नातं लिहिलंय. त्यातल्या एकाच्याही आधी मुलाला 'सांगू का?' असं विचारलेलं दिसत नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, भाऊजी घरी नसताना त्याला विचारा, आजीला कळवायचं का, कळवायचं तर कुणी. तो 'नको' म्हणाला तर नाही कळवायचं, तुमच्या सासूबाई नंतर रुसल्या तरी चालेल. 'मीच सांगतो' म्हणाला तर एसटीचे पैसे द्या आणि त्याला एकट्याला जाऊ द्या. फक्त त्याआधी वकिलाला फोन करून जामिनाच्या अटींत गाव सोडायची मनाई नाही ना, तेवढं पाहून घ्या.